आंघोळीपासून वामकुक्षीपर्यंत : घरातल्या इंग्रजीची उजळणी

कोथरूडच्या एक निवृत्त बँक अधिकारी माझ्या संध्याकाळच्या वर्गाला येतात. तीस वर्षं त्यांनी इंग्रजीत पत्रव्यवहार केला, ऑडिटरशी वाद घातले, कर्जाच्या फायली हातावेगळ्या केल्या. मुलीकडे परदेशी गेल्या असताना एकदा तिथल्या डॉक्टरांकडे जायची वेळ आली. डोकं ठणकत होतं, मळमळत होतं, पायाला मुंग्या येत होत्या. डॉक्टरांनी काय होतंय विचारलं आणि बाईंच्या तोंडून निघालं ते एवढंच : 'पेन... पेन.' परत आल्यावर वर्गात म्हणाल्या, "सर, मला मॉर्गेज येतं, पण मुंग्या येत नाहीत. म्हणजे पायाला येतात, इंग्रजीत येत नाहीत."

हे दुखणं त्यांच्या एकटीचं नाही. आपल्या बहुतेकांचं इंग्रजी शाळेत आणि ऑफिसात वाढलं, घराचा उंबरा त्यानं ओलांडलाच नाही. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली. त्याआधी मराठी शाळेतल्या मुलांची आणि एबीसीडीची गाठ पाचवीत पडायची. मग धडे, निबंध आणि रजेचा अर्ज. आजाराबद्दलचं एकच वाक्य त्या पिढीला तोंडपाठ आहे, 'ॲज आय ॲम सफरिंग फ्रॉम फीव्हर'. पोट बिघडलेलं असो की आत्याचं लग्न असो, अर्जात ताप. त्यामुळे पन्नाशीत सुद्धा शरीराबद्दल इंग्रजीत बोलायचं म्हटलं की आपल्याकडे ताप सोडून दुसरं काही नसतं.

एका मराठी मुलीला मात्र हे फार लवकर शिकावं लागलं. आनंदीबाई जोशी कलकत्त्यात असताना न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोसिया कार्पेंटरबाईंना इंग्रजीत पत्रं लिहीत. त्या दिवसांत त्यांची तब्येत ढासळत चालली होती : सतत डोकेदुखी, अधूनमधून ताप, कधी धाप. हे दुखणं पत्रांमधून कार्पेंटरबाईंपर्यंत पोचलं आणि त्यांनी अमेरिकेहून औषधं पाठवली. औषधांचा गुण आला नाही, पण पत्रांतून जडलेलं नातं टिकलं. १८८३ साली आनंदीबाई अमेरिकेला गेल्या, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारल्या, तेव्हा त्यांना बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली गेली. आनंदीबाईंना इंग्रजी नुसतं परीक्षेपुरतं येत असतं, तर आपल्या शरीराचं गाऱ्हाणं एका अनोळखी बाईपुढे त्यांना मांडता आलं नसतं.

तेव्हा हा लेख त्या इंग्रजीबद्दल आहे. उठणं, दात घासणं, गोळी घेणं, दमणं, झोपणं, दुखणं. शब्दांची यादी पाठ करू नका, हे आधीच सांगतो. 'डेली रूटीनचे शंभर शब्द' अशा याद्या फोनवर ढिगानं मिळतात आणि आठवड्यात विसरल्या जातात. यादी इंग्रजीतून सुरू होते, आपला दिवस मराठीतून. म्हणून सुरुवात आपल्या क्रियापदांपासून करू.

'लावणे' घ्या. सकाळी उठल्यापासून आपण काय काय लावतो ते मोजा. गजर लावतो, दिवा लावतो, केसांना तेल लावतो, टिकली लावतो, कुकर लावतो, मशीन लावतो, गुडघ्याला मलम लावतो, टीव्ही लावतो, दार लावतो आणि डॉक्टरांकडे नंबर लावतो. मराठीत एक क्रियापद दहा कामं करतं. इंग्रजीत प्रत्येकाला वेगळा कामगार आहे. गजर 'सेट' करतात, दिवा 'लाइट' करतात, तेल 'पुट ऑइल इन माय हेअर', टिकली आणि चष्मा 'पुट ऑन', कुकर 'पुट द कुकर ऑन', मलम 'पुट सम ऑइंटमेंट ऑन माय नी'. टीव्ही 'टर्न ऑन' किंवा 'स्विच ऑन', 'ओपन' कधीच नाही. दार 'क्लोज' किंवा 'शट'. नंबर लावणं म्हणजे 'मेक ॲन अपॉइंटमेंट'. मशीन लावण्याला अमेरिकेत 'डू द लॉन्ड्री' म्हणतात, विलायतेत 'पुट अ वॉश ऑन'. घरात फिरत फिरत, त्या त्या वस्तूला हात लावून ही वाक्यं म्हटली तर दोन दिवसांत बसतात. वहीत उतरवली तर वहीतच राहतात.

असंच 'घालणे'चं. वेणी घालणे 'प्लॅट' किंवा 'ब्रेड माय हेअर', झाडांना पाणी घालणे 'वॉटर द प्लान्ट्स', नातवाला आंघोळ घालणे 'गिव्ह हिम अ बाथ'. 'करणे'चं तर विचारू नका. 'आय डू बाथ', 'आय डू रेस्ट' या थाटाची वाक्यं आपल्याकडून निघतात ती या 'करणे'च्या सवयीनं. तिथे 'आय हॅव अ बाथ' आणि 'आय गेट सम रेस्ट' हवं. 'फ्रेश होतो' हे आता अस्सल पुणेरी मराठी झालं आहे, पण इंग्रजीत 'आय बिकम फ्रेश' म्हणू नका. 'आय फ्रेशन अप' म्हणतात.

आंघोळीपाशी थोडं थांबायला हवं. आपली आंघोळ बादली आणि तांब्याची. विलायतेत 'बाथ' म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांसमोर पाण्यानं भरलेला टब येतो, त्यामुळे तिथे रोजच्या आंघोळीला 'शॉवर' म्हणतात. 'बकेट बाथ' हा आपला भारतीय शब्द आहे. तो जरूर वापरा, फक्त बाहेरच्या माणसाला एका वाक्यात समजावून सांगा. 'हेड बाथ' मात्र तिकडे कुणाला कळणार नाही. डोक्यावरून आंघोळ केली याला 'आय वॉश्ड माय हेअर'. आणि उच्चार : नाम 'बाथ', पण आंघोळ करणे या क्रियापदाचा उच्चार 'बेद'. तसाच श्वास 'ब्रेथ' आणि श्वास घेणे 'ब्रीद'. कंगव्याला 'कोम' म्हणायचं आणि चढण्याला 'क्लाइम'. शेवटचा ब लिहायचा, बोलायचा नाही.

'माय' या शब्दाबद्दल इंग्रजी फार हट्टी आहे. आपण म्हणतो दात घासले, केस विंचरले, पाय धुतले. कुणाचे, हे सांगायची गरज मराठीला वाटत नाही, दुसऱ्याचे पाय कोण धुणार? इंग्रजीला मालकी लागते : 'आय ब्रश माय टीथ', 'आय कोम माय हेअर', 'आय वॉश माय फीट'. हा एक शब्द नीट पेरला तरी तुमचं बोलणं निम्मं सुधारतं.

झोपेच्या बाबतीत मराठी आणि इंग्रजीचं चांगलं जमतं. जाग येणे आणि उठणे यांत आपण फरक करतो, तेही करतात : 'वेक अप' आणि 'गेट अप'. पाचला जाग येऊन सातपर्यंत लोळणाऱ्यांनी दोन्ही वापरावेत. अंथरुणावर जाणे 'गो टू बेड', झोप लागणे 'फॉल अस्लीप', डुलकी लागणे 'डोझ ऑफ', रात्रभर कूस बदलणे 'टॉस ॲन्ड टर्न'. रविवारी मुद्दाम उशिरा उठलात तर 'आय स्लेप्ट इन', आणि सोमवारी गजर ऐकू न आल्यामुळे उशीर झाला तर 'आय ओव्हरस्लेप्ट'. 'आय स्लीप लेट' म्हणालात तर रात्री उशिरा झोपता की सकाळी उशिरापर्यंत, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. त्यापेक्षा 'आय गो टू बेड लेट' म्हणा.

आता सगळ्यात अवघड जागा. मराठीत आपल्याला गोष्टी 'येतात', 'लागतात', 'होतात', 'वाजतात'. मला झोप येते, मला भूक लागली, मला कंटाळा आला, मला थंडी वाजते. जणू या गोष्टी बाहेरून येऊन आपल्याला गाठतात आणि आपण बिचारे जागच्या जागी. इंग्रजीत माणूसच ती अवस्था होतो : 'आय ॲम स्लीपी', 'आय ॲम हंग्री', 'आय ॲम बोअर्ड', 'आय ॲम कोल्ड'. ही कलाटणी एकदा डोक्यात बसली की शंभर वाक्यं आपोआप दुरुस्त होतात. दोन ठिकाणी घसरगुंडी आहे. 'मला बोअर होतंय' बोलायची सवय असल्यामुळे आपण 'आय ॲम बोअरिंग' म्हणून जातो. त्याचा अर्थ मी कंटाळवाणा माणूस आहे. दुसरी जागा थंडीची. 'आय ॲम कोल्ड' म्हणजे थंडी वाजतेय, आणि 'आय हॅव अ कोल्ड' म्हणजे सर्दी झालीय. स्वेटर मिळणार की वाफारा, हे त्या एका शब्दावर ठरतं.

डॉक्टरांसमोर शब्द चुकला तर गोंधळ होतो, म्हणून दुखण्याचे शब्द सवडीनं शिका. दुखण्याच्या बाबतीत मराठी श्रीमंत आहे आणि तिला इंग्रजीत चांगले जोडीदारही आहेत. ठणकणं म्हणजे 'थ्रॉबिंग', झटकन जाणारी कळ 'शूटिंग पेन', मंद सतत दुखणं 'डल एक', आग होणं 'बर्निंग', खुपसल्यासारखं 'स्टॅबिंग'. मान आखडली तर 'आय हॅव अ स्टिफ नेक', पायात गोळा आला तर 'अ क्रॅम्प इन माय लेग', आणि आमच्या बँकवाल्या बाईंच्या मुंग्या म्हणजे 'पिन्स ॲन्ड नीडल्स'. टाचण्या आणि सुया! मुंग्यांपेक्षा हे फार वेगळं नाही, तेव्हा लक्षात राहायला सोपं. चक्कर येतेय याला 'आय फील डिझी'. कणकण आहे, 'आय फील फीव्हरिश'. घसा दुखतोय, 'आय हॅव अ सोअर थ्रोट', आणि घसा बसलाय, 'आय हॅव लॉस्ट माय व्हॉइस'. मळमळतंय हे सांगायला विलायतेत नुसतं 'आय फील सिक' पुरतं. आपण त्याचा अर्थ आजारी असा घेतो, तिथली नर्स मात्र भांडं आणायला धावेल.

दम लागण्याचे दोन प्रकार वेगळे ठेवा. पर्वतीच्या पायऱ्या किंवा वेताळ टेकडी चढून दम लागला तर 'आय ॲम आउट ऑफ ब्रेथ', त्यात काळजीचं काही नाही. पण बसल्या जागी किंवा दोन पावलं चालून धाप लागत असेल तर डॉक्टरांना 'आय ॲम शॉर्ट ऑफ ब्रेथ' म्हणून सांगा आणि हे कधीपासून होतंय तेही सांगा. तसंच 'ॲसिडिटी'. छातीत जळजळतं त्याला इंग्रजीत 'हार्टबर्न' म्हणतात. नावात हार्ट आहे, पण हृदयाशी त्याचा संबंध नाही. उलट छातीत दाब किंवा आवळल्यासारखं वाटत असेल तर 'ॲसिडिटी असेल' म्हणून स्वतःच निदान करू नका. जे होतंय तेच सांगा, 'प्रेशर इन माय चेस्ट', 'टाइटनेस इन माय चेस्ट', आणि ताबडतोब सांगा.

"मला बीपी आहे, शुगर पण आहे." हे वाक्य पुण्यातल्या कुठल्याही बागेत सकाळी ऐकू येतं. बीपी जिवंत माणसाला असतंच हो. परक्या डॉक्टरला सांगताना 'हाय ब्लड प्रेशर' आणि 'डायबीटीस' म्हणा. 'लूज मोशन्स'ही इथेच चालतात, बाहेर 'डायरिया'. गोळी आपण 'खातो', पातळ औषध 'पितो', इंग्रजीत दोन्ही 'टेक'. उपाशीपोटी म्हणजे 'ऑन ॲन एम्प्टी स्टमक', दिवसातून दोनदा 'ट्वाइस अ डे'. ज्यांच्या घरी वयस्कर माणूस आहे त्यांनी ही चार वाक्यं कागदावर देवनागरीत लिहून औषधांच्या डब्यात ठेवावीत. प्रवासात हा कागद पासपोर्टइतकाच कामाला येतो.

मनाबद्दल बोलताना जरा हात राखून. मराठीत आपण 'डिप्रेशन आलं' हे पाऊस आला इतक्या सहज म्हणतो. इंग्रजीत 'आय ॲम डिप्रेस्ड' ऐकून समोरचा माणूस ते गंभीरपणे घेऊ शकतो, कारण ते एका आजाराचंही नाव आहे. नुसतंच उदास वाटत असेल तर 'आय ॲम फीलिंग लो'. 'टेन्शन आलंय' याला 'आय ॲम वरीड' किंवा 'आय ॲम स्ट्रेस्ड'. खरोखरच आठवडेच्या आठवडे बरं वाटत नसेल, तर मात्र मोठा शब्द वापरायला लाजू नका.

'सेल्फ-केअर' या शब्दाबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. तो पार्लरच्या जाहिरातीतून आपल्याकडे आला आणि त्याला अजून फेशियलचा वास येतो. आपल्याकडे 'जपणे' आहे. 'तब्येतीला जप' म्हणणाऱ्या आजीला जे म्हणायचं असतं त्याच्या जवळचं इंग्रजी 'लुक आफ्टर युअरसेल्फ' आहे. बोलण्यात तेच वापरा. पाय मोकळे करणे याला 'स्ट्रेच माय लेग्ज', ही तर जवळजवळ सख्खी बहीण. पाय वर घेऊन निवांत बसणे 'पुट माय फीट अप'. दिवसभराचा शीण उतरवणे 'अनवाइंड'. फिरायला जाणे 'गो फॉर अ वॉक'. 'गो फॉर वॉकिंग' नाही, आणि 'डू वॉकिंग' तर नाहीच. हिंजवडीच्या ऑफिसात सोमवारी सकाळी परदेशातला सहकारी 'हाउ वॉज युअर वीकेंड' विचारतो, तेव्हा 'गुड' म्हणून गप्प बसणाऱ्या तरुणांना एवढी चार वाक्यंही पुरतात.

व्याकरण इथे थोडंच लागतं. रोजच्या गोष्टींना साधा वर्तमानकाळ, आणि 'शी', 'ही' असेल तर क्रियापदाला 'स'. मराठीत आपण उठतो, उठते, उठतात असे तीन बदल लहानपणापासून करतो, तेव्हा एका 'स'चं ओझं वाटायला नको. 'आय ॲम डेली गोइंग' सोडून द्या, 'आय गो एव्हरी डे' म्हणा. आयेल्ट्सला बसणाऱ्यांना हे विशेष सांगणं : तोंडी परीक्षेचा पहिला भाग चार-पाच मिनिटांचा असतो आणि त्यात घर, काम, सवयी असे साधेच प्रश्न येतात. मुलं तिथे पाठ केलेले भारदस्त शब्द काढतात आणि अडखळतात. 'आय युजुअली गेट अप ॲट सिक्स ॲन्ड वॉटर द प्लान्ट्स' हे वाक्य खरं असेल तर ते पुरेसं आहे.

सराव कसा करायचा? माझ्या वर्गातल्या दोन मैत्रिणींनी शोधलेली रीत मला सगळ्यांत आवडली. त्या सारसबागेत रोज चार फेऱ्या मारतात, त्यातली एक फेरी इंग्रजीत. विषय एकच : कालपासून आजपर्यंत काय केलं. शब्द अडला तर मराठी शब्द घालून पुढे जायचं, थांबायचं नाही. अडलेले शब्द घरी जाऊन शोधायचे. रोज दोन-तीनच अडतात, पण ते स्वतःच्या गरजेचे असतात, म्हणून पुन्हा विसरत नाहीत.

पुस्तकं हवी असतील तर आधी बालभारतीची पहिली-दुसरीची इंग्रजीची पुस्तकं घ्या. सेनापती बापट रस्त्यावरची ही संस्था १९६७ सालची. तिची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात. लाज वाटत असेल तर वर्तमानपत्राचं कव्हर घाला. कानांसाठी बीबीसीचा 'सिक्स मिनिट इंग्लिश' हा कार्यक्रम आहे, एका चहाच्या वेळात संपतो. योगासनं करणाऱ्यांसाठी एक खास पुणेरी पुस्तक आहे. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले आणि इथलेच झाले. त्यांचं 'लाइट ऑन योगा' १९६६ साली निघालं. त्यात प्रत्येक आसन पायरीपायरीनं सांगितलं आहे, आणि पहिलंच आसन ताडासन. जे आसन तुम्हाला येतं त्याचंच पान उघडा आणि वाचत वाचत करा. गुडघा, टाच, खांदा, ताणणे, उचलणे, श्वास सोडणे, हे शब्द तुमचं शरीरच तुम्हाला समजावेल. जुन्या शब्दांची हौस असेल त्यांनी १८३१ सालचा मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश जरूर चाळावा. घरगुती मराठी त्यात भरभरून आहे. फक्त त्यातलं इंग्रजी दोनशे वर्षांपूर्वीचं आहे, ते डॉक्टरांपुढे काढू नका.

काही शब्दांचा नाद सोडावा लागतो. पित्त झालं, उष्णता झाली, दृष्ट लागली, अभ्यंगस्नान, उटणं. यांना इंग्रजीत नेमका शब्द नाही आणि ओढूनताणून आणलेला शब्द फसतो. शब्द मराठीच ठेवा आणि पुढे एक वाक्य जोडा. दिवाळीच्या पहाटे तेल-उटणं लावून केलेली आंघोळ, एवढं इंग्रजीत सांगता आलं की झालं. वामकुक्षीचं तसंच. 'नॅप' म्हणजे नुसती डुलकी. जेवण झाल्यावर, डाव्या कुशीवर, पंख्याखाली, दुकान बंद करून घेतलेली ती झोप 'नॅप' या शब्दात मावत नाही.

आज रात्री दिवा मालवण्यापूर्वी आजच्या दिवसाची तीन वाक्यं मोठ्यानं म्हणून बघा. तिसऱ्या वाक्याला अडलात तर तो शब्द उशाजवळच्या कागदावर मराठीत लिहून ठेवा. उद्याचा धडा तोच.